आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

पेरण्या आटोपल्या, दोन-चार दिवस झड लागली, की लोणारमधल्या आमच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी बदलते. मे महिन्यात ऊन लागलेले आणि हगवणीचे रुग्ण असतात. जूनच्या अखेरीला खोकणारे, नाक गळणारे, अंगावर चादर ओढून बाकावर आडवे झालेले लोक दिसू लागतात. त्यातले बहुतेक चार दिवसांत बरे होतात. काही होत नाहीत. ज्यांना शुगर आहे, दमा आहे, ज्यांचं हृदय आधीच थकलेलं आहे, ज्या बाया गरोदर आहेत, त्यांच्यापैकी काहींचा साधा फ्लू न्यूमोनियावर जातो आणि आम्हाला अॅम्ब्युलन्स बोलवावी लागते. म्हणून पावसाच्या तोंडाशी मी अशा रुग्णांना फ्लूची लस घ्यायला सांगतो.

यंदा एका निवृत्त गुरुजींना सांगितलं. वय सत्तरच्या पुढे, पंधरा वर्षांची शुगर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं की मी स्वतः घेतली आहे का. मी हो म्हटलं. कधी घेतली, तेही विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांचं समाधान झालं नाही. माझ्यासमोरच त्यांनी सिस्टरांना विचारून खात्री करून घेतली. इतकी वर्षं सरकारी नोकरीत असूनही मला क्षणभर राग आला, हे कबूल करतो. पण घरी जाताना वाटलं की गुरुजींनी विचारलं ते बरोबरच विचारलं. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत विचारला जात होता, आणि ज्या माणसाला तो विचारला जात होता त्याच्याकडे उत्तर होतं.

त्या माणसाचं नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पावसाळ्यात साप चावलेला रुग्ण आला की आम्ही जी औषधाची कुपी फोडतो, तिच्यावर अनेकदा ते छापलेलं असतं: हाफकिन. लोकांना ती एक संस्था म्हणून माहीत आहे, परळची. हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, तो भारतीय नव्हता, इंग्रजही नव्हता, आणि आपल्या अर्थाने डॉक्टरही नव्हता, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होतं. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात, विषय प्राणिशास्त्र. शिक्षक मिळाले ते इल्या मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. तरुण हाफकिन नुसते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे नव्हते. झारविरोधी विद्यार्थी चळवळीत ते होते. ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांतही ते होते, आणि त्यात जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली करून त्यांना सोडवलं. पदवीनंतर प्राध्यापकी मिळू शकली असती, पण त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागणार होता. ते त्यांनी केलं नाही. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे भुसा भरलेल्या प्राण्यांच्या म्युझियममध्ये, काम केलं आणि १८८८ मध्ये देश सोडला.

आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकॉव्ह तिथे पोचले होते. जागा एकच रिकामी होती, ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करायचं, असं चाललं. १८९२ पर्यंत त्यांच्या हाती कॉलऱ्याची लस आली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी पहिल्यांदा माणसाला टोचली. तो माणूस म्हणजे ते स्वतः. ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांत बरे झाले.

लस तर झाली, पण ती उपयोगी आहे हे दाखवायचं तर जिथे कॉलरा आहे तिथे जायला हवं. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय होते. त्यांनी भारत सुचवला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले आणि पुढची अडीच वर्षं उत्तर भारतात, बंगालमध्ये, आसामच्या चहामळ्यांत फिरत राहिले. सरकारचा पाठिंबा अर्धवट होता. लष्करी वैद्यकीय खात्यातल्या पुष्कळ साहेबांना हा रशियन ज्यू, बिगरडॉक्टर, आपल्याला काय शिकवणार असं वाटत होतं.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका झोपडवस्तीत कॉलरा शिरला. सगळे एकाच तळ्याचं पाणी पीत होते. दोनशेच्या आसपास माणसं, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे लोक कॉलऱ्याने दगावले ते लस न घेतलेल्यांतले होते. लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच घरात, एकाच पाण्यावर, आणि दोघांचाही हिशेब ठेवायचा, ही हाफकिन यांची पद्धत. आज आम्हाला ती इतकी साधी वाटते की तिचं नवल वाटत नाही. तेव्हा ती नवी होती. लस कोणावरही लादायची नाही, जो हात पुढे करेल त्यालाच द्यायची, हाही त्यांचा आग्रह होता. १८९५ मध्ये मलेरियाने त्यांना इतकं पोखरलं की युरोपला परतावं लागलं. तोवर ४२ हजारांवर लोकांना लस टोचून झाली होती.

तब्येत सुधारल्यावर १८९६ मध्ये ते परत आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेग म्हणजे गाठीचा रोग. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचं, ही आठवण वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजही सांगितली जाते. मुंबईत तर लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ७ ऑक्टोबरला ते पोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला, हाताशी एक कारकून आणि मोजके शिपाई. तीन महिने त्या खोलीत जे काम चाललं ते माणसाला झेपणारं नव्हतं. एका सहायकाचं मन त्या ताणाखाली कोलमडलं, आणखी दोघे सोडून गेले.

लस कशी बनवली, हे सांगण्यासारखं आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गाईचं किंवा डुकराचं मांस घेतलं तर इथे कोणी लसीला हात लावणार नाही, हे हाफकिन यांना समजत होतं. त्यांनी बोकडाचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या त्या तरंगत्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबकळत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुनखडीच्या कांड्या लोंबतात तसे. पुरेसे वाढले की सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक अॅसिड घालायचं, म्हणजे दुसरं काही त्यात रुजू नये. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीर त्यांना ओळखून ठेवतं.

इथे जरा थांबतो, कारण फ्लूच्या लसीबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी शंका इथेच आहे. लस घेतली आणि मला फ्लूच झाला, असं दर वर्षी दहा-वीस जण तरी सांगतात. आपल्याकडे दंडात देतात त्या फ्लूच्या लसीत मारलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. त्यातून फ्लू होऊ शकत नाही. एखादा दिवस कणकण येते, दंड दुखतो, ती शरीराची तयारी. पण ही तयारी पुरी व्हायला दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात कोणी शिंकणारा भेटला तर फ्लू होणारच. शिवाय सर्दी-पडशाचे इतर अनेक विषाणू आहेत, त्यांच्यावर ही लस चालत नाही. तेव्हा अनुभव सांगणारे खोटं बोलत नसतात, फक्त दोष चुकीच्या ठिकाणी लावतात.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० मिली, म्हणजे पुढे लोकांना द्यायचं ठरलं त्याच्या तिपटीहून जास्त. जोराचा ताप आला, जागा ठणकली, पण ते उभे राहिले. त्यानंतर कॉलेजातल्या मंडळींनी आणि शहरातल्या काही जाणत्या लोकांनी घेतली. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी तयारी दाखवली, बाकीचे तसेच राहिले. काहींच्या अंगात रोग आधीच भिनला होता, ते लगेच आजारी पडले. पुढच्या दिवसांत मात्र टोचलेल्यांत रोग कमी दिसला. कैद्याची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न आज कोणतीही नैतिकता समिती विचारेल आणि असा प्रयोग थांबवेल. तो काळ तसा नव्हता, एवढंच म्हणता येईल.

हे मुंबईत चालू असताना पुण्यात काय होत होतं? १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. लागण झालेल्या एका मुलाला त्यांनी मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवलं होतं आणि त्यातच त्यांना रोग लागला. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतल्याला तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. लस अजून मुंबईतल्या त्या खोलीपलीकडे फारशी गेलेली नव्हती. पुण्यात लोकांना भेटत होते ते गोरे सोल्जर. घरात घुसणं, देवघरापर्यंत जाणं, बायामाणसांना रस्त्यावर उभं करून तपासणं, सामान जाळणं. जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या सरकारने काल दार तोडलं तेच सरकार आज सुई घेऊन येतं, तेव्हा माणसाने दार का उघडावं? लसीबद्दल नाना अफवा उठल्या. त्यांना आपण अडाणीपणा म्हणतो. मी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तसंच म्हणत असे.

मग एक प्रसंग घडला. दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका वाडीवर लसीकरणानंतर एका बाळाच्या मांडीला गळू झालं. बाप त्याला घेऊन माझ्याकडे आला. मी घाईत होतो. असं होतं कधी कधी, गरम पाण्याने शेका, म्हणालो. मांडी नीट बघितलीसुद्धा नाही. चार दिवसांनी ते गळू दुसरीकडे फोडावं लागलं. बाळ बरं झालं. पण पुढच्या महिन्यात त्या वाडीवर आमची टीम गेली तेव्हा आयांनी मुलं आत घेतली आणि दारं लावली. मी वर कळवताना कारण लिहिलं, गैरसमज. गैरसमज नव्हता. त्यांना मी जे शिकवलं होतं तेच ते करत होते.

हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले त्यांत एक नाव महत्त्वाचं आहे, तिसरे आगाखान. तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. आपल्या खोजा अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि मग हजारोंनी घेतली. माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगलाही त्यांनी प्रयोगशाळेला दिला. तिथून १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, जिथे हाफकिन संस्था आजही आहे. मुंबईचा गव्हर्नर पूर्वी तिथे राहायचा. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्या वाड्यात कॉलऱ्याने गेली, आणि पुढे गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. ज्या माणसाने कॉलऱ्याची लस काढली त्याच्या ताब्यात तोच वाडा आला.

आकडे हवे असतील तर बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावचे बघा. १८९८ च्या सुरुवातीला तिथे प्लेगची साथ चालू असताना हाफकिन यांनी साथ लागलेली घरं निवडली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. ७१ जण टोचलेले, ६४ न टोचलेले. न टोचलेल्यांत २७ जणांना प्लेग झाला, त्यातले २६ मेले. टोचलेल्यांत ८ जणांना झाला, ३ मेले. या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. लस घेतलेल्यांनाही प्लेग झाला, काही गेलेही. आणि तरीही त्याच घरात, त्याच छपराखाली, न घेतलेल्यांत जवळपास नऊपट माणसं गेली. फ्लूच्या लसीचं असंच आहे, फक्त फरक इतका मोठा नसतो. ज्या वर्षी लस आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसतो त्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागण्याइतक्या आजाराचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मेळ नसेल तर त्याहून कमी. शंभर टक्के संरक्षण कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो डॉक्टर असला तरी. पण माझ्या शुगरच्या रुग्णाला फ्लू होऊनही तो आयसीयूत न जाता घरी पेज पिऊन बरा होत असेल, तर मला ती लस पुरेशी आहे.

१८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हाफकिन यांना किताब दिला, दोन वर्षांनी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. परळची प्रयोगशाळा लाखांनी मात्रा बनवू लागली. पंजाबात प्लेग पसरला आणि तिथून एवढी मागणी आली की जुन्या पद्धतीने पुरवठा होईना. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू उष्णतेने मारले जातातच, तर कार्बोलिकची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेत उष्णतेवरच भर होता. शास्त्र म्हणून ते चुकीचं नव्हतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल हे गाव, आज पाकिस्तानात. त्या दिवशी तिथे १०७ लोकांनी लस घेतली. त्यांपैकी १९ जणांना ज्या बाटलीतून दिली गेली तिचा क्रमांक ५३ एन. आठवड्याभरात त्या १९ जणांचे जबडे आवळले, अंगाला झटके येऊ लागले. धनुर्वात. एकोणीसही जण मेले. उरलेल्या बाटल्यांमधून टोचलेल्या कोणालाही काही झालं नाही.

एकोणीस माणसं. हे वाचताना माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. हात पुढे केलेले, विश्वास ठेवलेले लोक.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने ठरवलं की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळला, दूषित झाली होती, आणि कार्बोलिक सोडल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. प्रमुखपदावरून त्यांना दूर करण्यात आलं. १९०४ मध्ये ते देश सोडून लंडनला गेले. परदेशी, ज्यू, डॉक्टरांच्या बिरादरीबाहेरचा माणूस, त्याच्यासाठी आवाज उठवायला सुरुवातीला फारसं कोणी नव्हतं. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस यांच्यावर खोटा आरोप ठेवला गेला होता, त्या प्रकरणाशी पुढे लोकांनी याची तुलना केली.

चौकशीच्या कागदांतच दुसरी गोष्ट पडलेली होती. त्या सकाळी बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ठरलेल्या नियमाप्रमाणे तो आचेवर निर्जंतुक करायला हवा होता. सहायकाने तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानेच बुचाला हात घातला. गावातली जमीन, गुराढोरांचं शेण, माती, म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं घरच. आणि ते जंतू मुंबईहून निघतानाच बाटलीत असते, तर इतक्या दिवसांत आत वाढले असते, बाटलीला घाण वास सुटला असता. उघडताना वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागद तपासले. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत लिहू लागले. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापलं गेलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारला त्यांना दोषमुक्त करून परत बोलवावं लागलं. पाच वर्षं गेली होती.

मी हे वाचलं तेव्हा मला त्या सहायकाबद्दलही वाटलं. किती वेळ उभा असेल तो, किती लोकांची रांग असेल, आणि चिमटा पडला. आमच्याकडे आता एका रुग्णाला एक सुई, एक सिरिंज, आणि ती लगेच नष्ट. फ्लूची लस बहुतेक वेळा एकाच मात्रेच्या भरलेल्या सिरिंजमध्येच येते. जिथे एका कुपीतून अनेकांना द्यायचं असतं तिथे उघडल्याची तारीख आणि वेळ कुपीवर लिहायची असते, ठरलेल्या वेळेनंतर उरलेली फेकायची असते. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं असतं, २ ते ८ अंश. हे नियम कंटाळवाणे आहेत. नवीन नर्सेसना कंटाळा येतो तेव्हा मी त्यांना मुलकोवालची गोष्ट सांगतो. तुम्ही लस घ्यायला जाल तेव्हा सिरिंज नवीन आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या डॉक्टरांत मीही होतो, म्हणून सांगतो, राग आला तर येऊ द्या.

हाफकिन परत आले, पण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमलं गेलं, आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करायची मुभा दिली गेली नाही. दोषमुक्ती झाली, विश्वास परत मिळाला नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. पुढची वर्षं पॅरिस आणि मग स्वित्झर्लंडमधलं लोझान. तरुणपणी ज्या धर्मासाठी प्राध्यापकी सोडली, त्या धर्माच्या आचारात ते उतारवयात अधिक रमले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. आयुष्यातली उत्तम वर्षं मुंबईच्या कामात गेली, असं त्यांनी तेव्हा कळवलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानला त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा थंडीत. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा नवा आराखडा ठरवते आणि म्हणूनच लस दर वर्षी घ्यावी लागते. मागच्या वर्षी घेतली होती, आता कशाला, याचं उत्तर इतकंच. पासष्टच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया, सहा महिने ते पाच वर्षांची मुलं आणि रुग्णांमध्ये काम करणारे आम्ही, यांनी ती पावसाच्या आधी किंवा सुरुवातीला घ्यावी. गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत साठा असेल तेव्हा ती मोफत मिळते, आधी चौकशी करून या. अंगात ताप असेल तर उतरू द्या. मागे याच लसीने घशाला सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असेल तर घेऊ नका, आणि डॉक्टरांना ते नक्की सांगा. टोचल्यावर अर्धा तास बसून जा. आणि लस घेतलेली असो वा नसो, दम लागला, ओठ निळसर दिसले, ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर मेडिकलवरून गोळ्या नेऊन दिवस काढू नका. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

गुरुजी पुढच्या आठवड्यात परत आले. स्वतः लस घेतली नाही. बायकोला दमा आहे, तिला घ्यायला लावली. सिरिंजचं पाकीट हातात घेऊन चष्मा वर करून तारीख वाचली, अर्धा तास दोघं बाकावर बसून राहिले. स्वतःचं पोळ्याच्या सुमारास बघू, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ताकद यायला दोन आठवडे लागतात, आणि मागची दोन-तीन वर्षं आमची खोकल्याची रांग जुलैतच दारापर्यंत गेली होती. बघू, म्हणाले.